उजव्या खालच्या हातापासून

पहिला दिवस : कोल्हापूर

आत्याला बनशंकरीची ओटी भरायची होती. बनशंकरी तिच्या सासरची कुलदेवी. आतोबा गेल्यापासून नऊ वर्षांत तिकडे जाणंच झालं नव्हतं. मला बदामीची लेणी बघायची होती. देवी आणि लेणी यांच्यात जेमतेम पाच किलोमीटरचं अंतर, त्यामुळे भांडणाला जागा उरली नाही. जाताना कोल्हापूर तिने घातलं, खिद्रापूर मी घातलं. येताना पंढरपूर कुणी घातलं यावर अजून एकमत नाही.

पुण्याहून पहाटे पाचला निघालो. डिसेंबरची थंडी, काचा बंद, आणि शेजारच्या सीटवर आत्याची सप्तशती, देवीच्या पराक्रमांची पोथी. तिला ती रहस्यांसकट, म्हणजे शेवटी जोडलेल्या प्रकरणांसकट, पाठ आहे. खंबाटकीच्या घाटात माझ्या फोनची रेंज गेली, हिची नाही.

कोल्हापुरात रांगेत दीड तास गेला. मी मनाशी ठरवून आले होते की या वेळी अंबाबाईचे हात नीट बघायचे. मूर्तिशास्त्रावरची दोनचार पुस्तकं वाचून अंगात आलेला उत्साह. गाभाऱ्यासमोर पोचले, समोर शालू, ठुशी, साज, हार, नथ आणि त्या सगळ्यातून रोखून बघणारा चेहरा. हात कुठे आहेत हे शोधेपर्यंत मागून "पुढे चला, पुढे चला" झालं आणि मी बाहेर, हातात प्रसादाचा लाडू.

"हात दिसलेच नाहीत," मी बाहेर येऊन कुरकुरले.

आत्या पायरीवर टेकली, चपला शोधता शोधता म्हणाली, "उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्यात गदा. डाव्या वरच्यात ढाल, खालच्यात पानपात्र."

"तू कधी बघितलेस?"

"बघायला कशाला लागतात? *मातुलुंगं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती.* प्राधानिक रहस्य. पुढची ओळ, *नागं लिंगं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि.* डोक्यावर नाग, लिंग आणि योनी."

मी पुस्तकात नेमकं हेच वाचलं होतं. कोल्हापूरच्या मूर्तीची ओळख पटवताना अभ्यासक हाच श्लोक देतात. पण तो घरात रोज सकाळी चहाच्या आधी म्हटला जातो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

चप्पल सापडली, पण आम्ही तिथेच बसून राहिलो. कॅलेंडरवरची लक्ष्मी आठवून बघा. कमळात उभी, दोन हातांत कमळं, दोन्हीकडे पाणी घालणारे हत्ती, तळहातातून पडणारी नाणी. इथे त्यातलं काहीच नाही. कमळ नाही, हत्ती नाहीत, मागे सिंह आहे. तिरुपतीहून दर नवरात्रात हिला शालू येतो, कारण ती बालाजीची रुसून आलेली पत्नी, अशी समजूत. कोल्हापूरकर मात्र अंबाबाई म्हणतात, म्हणजे आई, कुणाची बायको नव्हे. हातांकडे बघितलं तर कोल्हापूरकरांचं म्हणणं मला जास्त पटतं. त्याच रहस्यात तिला "सर्वस्याद्या" म्हटलंय, सगळ्यांच्या आधीची. ब्रह्मा-विष्णू-महेश तिच्यानंतर.

म्हाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं, खडबडीत सालीचं, बियांनी भरलेलं फळ. श्लोकाचे टीकाकार त्याला कर्मांची रास म्हणतात, गदेला क्रियाशक्ती, ढालीला ज्ञानशक्ती. डोक्यावरचा नाग हा काळ, योनी ही प्रकृती, लिंग हा पुरुष. असे अर्थ ऐकले की मला दोन गोष्टी एकदम वाटतात. एक, छान आहे. दोन, आधी मूर्ती घडली की आधी अर्थ? ढाल ज्ञानशक्ती आहे हे घडवणाऱ्या कारागिराला ठाऊक होतं का? त्याला बहुधा एवढंच सांगितलं गेलं असेल की डाव्या वरच्या हातात ढाल दे, चुकून कमळ देऊ नकोस, नाहीतर देवी बदलेल.

"आणि हे बघ," आत्या उठता उठता म्हणाली, "मोजायचं ते देवीच्या उजव्या हातापासून. तुझ्या नव्हे."

हा नियम पुढचे चार दिवस पुरला. वैकृतिक रहस्यात तो शब्दांत दिलेलाच आहे: *दक्षिणाधःकरक्रमात्*, उजव्या खालच्या हातापासून क्रमाने.

दुसरा दिवस : खिद्रापूर, आणि मग गाडीच गाडी

शिरोळकडचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एका ट्रॉलीमागे वीस मिनिटं काढली, पण आत्याने त्यात ऊस मागून घेतला आणि ट्रॅक्टरवाल्याने दिलाही.

खिद्रापूरचं कोपेश्वर हे कृष्णेकाठचं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ. दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके ११३६चा लेख आहे, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. सगळे जण इथे स्वर्गमंडपासाठी येतात. अठ्ठेचाळीस खांब आणि मधोमध छताला मोठं गोल भोक, त्यातून आभाळ. खालच्या गोल शिळेवर उभं राहून वर बघायचं. मीही बघितलं, फोटोही काढला. पण मान खाली आली ती छताच्या कडेला कोरलेल्या देवांपाशी येऊन थांबली.

चेहरे झिजलेत, पुष्कळांचे हात नाहीत. तरी हत्ती दिसला की इंद्र, रेडा दिसला की यम, मोर दिसला की कार्तिकस्वामी. दिशांचे धनी असे वाहनांवरून ओळखायचे असतात. पूर्वेला हत्तीवर इंद्र, आग्नेयेला मेंढ्यावर अग्नी, दक्षिणेला रेड्यावर यम, नैऋत्येला माणसाच्या पाठीवर निर्ऋती, पश्चिमेला मगरीसारख्या मकरावर वरुण, वायव्येला हरणावर वायू. उत्तरेचा कुबेर कधी घोड्यावर, कधी माणसावर. ईशान्येला बैलावर ईशान. यमाला रेडा का, वायूला हरीण का, हे समजावून सांगायला लागत नाही. मेंढ्याचं एवढं उघड नाही. यज्ञातला पशू म्हणून तो अग्नीकडे, असं सांगतात.

वाहनांचा हा उपयोग मला इथे पहिल्यांदा नीट कळला. आक्रमणात, पुरात, काळाच्या ओघात सगळ्यात आधी जातात ती नाकं आणि हात. पायाखालचं जनावर उरतं, कारण ते जाडजूड असतं आणि दगडाला चिकटलेलं.

म्हणूनच इथली गंमत अशी, की शंकराच्या देवळात शंकराचं वाहन नाही. नंदीच नाही. सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, तो नंदी नदीपलीकडे यडूरला आहे, असं इथे सांगतात. सती गेल्यावर शंकर संतापला तो हा कोपेश्वर, त्याला समजवायला आलेला विष्णू तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन्ही लिंगं शेजारी. विष्णूलाही इथे लिंगरूपच मिळालंय. चक्र नाही, शंख नाही, गरुड नाही. ओळखायचं कशावरून? सांगणाऱ्यावरून.

दुपारी निघालो, गोकाक, लोकापूर करत बदामीला रात्री आठला पोचलो. रस्त्याबद्दल न लिहिलेलं बरं. मात्र लोकापूरच्या पुढे एका खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगांची चटणी मिळाली. आत्याने मराठीत मागितली, बाईंनी कानडीत वाढली, कुणाचं काही अडलं नाही.

तिसरा दिवस : बदामी

सकाळी सात वाजता लाल डोंगर खरोखर पेटल्यासारखा दिसतो. खाली अगस्त्यतीर्थ, वर ओळीने चार लेणी. आत्या बहात्तर वर्षांची आहे आणि तिच्या गुडघ्यांचं स्वतंत्र मत असतं, पण ती चढली. ओटीची पिशवी लॉजवर ठेवायला तयार नव्हती, म्हणून तीही चढली.

पहिल्या लेण्याच्या पायऱ्या संपल्या की उजव्या हाताला कातळात शिव नाचतोय. अठरा हात. आत्या थांबली. "अठरा?" तिने मोजायला सुरुवात केली. अर्थात उजव्या खालच्या हातापासून. पण सातव्या-आठव्याला चुकली, कारण हे हात वस्तू धरायला नाहीत, नाचायला आहेत. पंख्यासारखे उघडलेले. तिथल्या गाइडने आपलं गणित सांगितलं: उजवीकडचे नऊ, डावीकडचे नऊ, कुठलाही उजवा कुठल्याही डाव्याशी जुळवा, नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी मुद्रा. गणित बरोबर आहे. शिल्पकाराने ते केलं होतं का, हे त्यालाच माहीत. पण थोडा वेळ एकेक जोडी निवडून बाकीचे हात झाकल्यासारखे बघा. मूर्ती खरंच हलते. अनेक हात म्हणजे अफाट ताकद, असं आपण शाळेपासून ऐकतो. इथे अनेक हात म्हणजे अनेक क्षण. एकाच नाचाचे अठरा क्षण एका खांद्याला जोडलेले.

आणि पायाखाली कुणी नाही. आपल्या दिवाणखान्यात जो पितळी नटराज असतो, ज्वाळांच्या कड्यात, एका हातात डमरू, दुसऱ्यात अग्नी, पायाखाली अज्ञानाचा बुटका पुरुष, तो तमिळ देशातल्या चोळांच्या काळातला, याच्यानंतर निदान तीनशे वर्षांनी आलेला. त्यात प्रत्येक गोष्टीला अर्थ नेमून दिलेला आहे: डमरूतून निर्मिती, अग्नीने लय, उघडा तळहात भिऊ नकोस म्हणतोय, उचललेला पाय आसरा देतोय. बदामीच्या नटराजाजवळ एवढी सामग्री नाही. बाजूला गणपती उभा आहे, वाजवणारा आहे, मागे नंदी आहे. घरचंच कार्य असल्यासारखं.

"अठरा हात तर महालक्ष्मीला," आत्या अजून त्याच विचारात. मग तिने सप्तशतीतल्या मध्यम चरित्राचं, म्हणजे मधल्या भागाचं, ध्यान म्हणायला घेतलं, *अक्षस्रक्परशुं गदेषुकुलिशं,* आणि मी बोटं मोजली. माळ, परशू, गदा, बाण, वज्र, कमळ, धनुष्य, कमंडलू, दंड, शक्ती, तलवार, ढाल, शंख, घंटा, मद्याचं पात्र, शूळ, पाश, चक्र. बरोबर अठरा. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत ते याच हिशेबाने. ध्यानाचा श्लोक म्हणजे डोळे मिटून बघायची मूर्ती आणि हातोडी घेतलेल्या माणसाला दिलेली मापं, दोन्ही एकदम. वृत्तात बसवलेलं, म्हणून विसरायला होत नाही. इतकी टिकाऊ नोंदवही दुसरी नसेल.

आत गेलो. एका भिंतीवर हरिहर, समोरच्या बाजूला अर्धनारी. हरिहराचा उजवा अर्धा शिव, डावा विष्णू. मधली रेघ कुठे काढलेली नाही, पण डोक्यापासून खाली येताना ती दिसायला लागते: इकडे जटा, तिकडे मुकुट, इकडे नाग गुंडाळलेला परशू, तिकडे शंख. आत्याचं शिवाच्या ध्यानातलं *परशुमृगवराभीतिहस्तं*, म्हणजे हातांत परशू, हरीण, वर आणि अभय, इथे अर्धंच लागू पडलं, कारण बाकीचे हात विष्णूने घेतलेले. त्या श्लोकातल्या हरणाचा अर्थ कीर्तनकार चंचल मन असा सांगतात, शिवाने ते बोटांत धरून ठेवलंय. हा अर्थ मला आवडतो. रान तुडवणाऱ्या शिकाऱ्यांच्या देवाच्या हातात हरीण असणं तेवढंच स्वाभाविक आहे, हेही खरं.

अर्धनारीपाशी शिवाच्या बाजूला एक हाडांचा सापळा उभा आहे, हात जोडून. भृंगी. याची गोष्ट आत्याने आणि गाइडने एकाच वेळी, दोन भाषांत सांगितली. भृंगी फक्त शिवाला प्रदक्षिणा घालायचा, पार्वतीला नाही. म्हणून दोघं एका देहात मिसळली. तरी हा हट्टी. मग पार्वतीने त्याच्या अंगातलं आपलं जे होतं ते काढून घेतलं, रक्त आणि मांस. राहिली हाडं, तो बापाचा वाटा. शिल्पात हे सगळं आहे आणि अर्धनारीच्या डाव्या अर्ध्या चेहऱ्यावर किंचित हसू आहे. ते मला दिसलं, आत्याला नाही.

एवढ्यात माकड आलं. ओटीच्या पिशवीतली केळी गेली, नारळ पायऱ्यांवरून टप्पे घेत खाली गेला आणि खण मात्र, देवीची कृपा, माकडाला आवडला नाही. आत्या म्हणाली, "नारळ तिथे मिळेल. वाहन समजायचं आणि सोडून द्यायचं." कुणाचं वाहन ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या लेण्यात दाराशी राखणदार आहेत, पण त्यांच्या हातात शस्त्र नाही, फूल आहे. विष्णूच्या घरी यायचं ते भीत भीत नको, असा मी त्याचा अर्थ लावला. तुम्ही वेगळा लावू शकता. आत एकीकडे वराह, एकीकडे त्रिविक्रम. खाली छत्री घेतलेला बुटका बटू आणि त्याच चौकटीत आभाळापर्यंत पाय टाकलेला तोच. आधी आणि नंतर एकाच चित्रात. तिसऱ्या लेण्यातला त्रिविक्रम तर माणसाच्या दुप्पट वाटतो, आठ हात शस्त्रांनी भरलेले, डावा पाय जमिनीला समांतर. पायाच्या बोटांपाशी एक वाटोळं तोंड आहे, ते राहूचं मानतात. म्हणजे पाय कुठवर पोचला? ग्रहांपर्यंत. उंची सांगायला शिल्पकाराने आकडा नाही दिला, राहू दिला.

आत्या बराच वेळ त्या पायाकडे बघत होती. मग पुटपुटली, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." विष्णूच्या पुढ्यात उभं राहून बळीच्या बाजूने बोलायचं, हे आपल्याकडेच होत असावं. दर पाडव्याला आम्ही तेच करतो आणि दुसऱ्या दिवशी विष्णुसहस्रनामही म्हणतो.

हे तिसरं लेणं राजघराण्याचं. चालुक्य कीर्तिवर्म्याच्या राज्यात त्याचा भाऊ मंगलेश याने ते खोदवलं, शके ५००च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे इ.स. ५७८. अर्धस्तंभावर लेख आहे. इतकी नेमकी तारीख असलेलं लेणं सहसा मिळत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या दहा गोष्टींचा काळ याच्यावरून लावतात. आणि याच तारखेमुळे वराहाकडे वेगळं बघावंसं वाटतं. वराह ही चालुक्यांची राजमुद्रा. समुद्रात बुडालेली पृथ्वी वर काढणारा वराह, आणि खाली सही राजाची. तीन पावलांत जग व्यापणारा त्रिविक्रम, आणि दुसऱ्यांची राज्यं व्यापायला निघालेलं घराणं. भूदेवी वराहाच्या हातावर इतक्या विश्वासाने उभी आहे की क्षणभर आपणही राजाला मत देऊन मोकळं होऊ.

आत शेषाच्या वेटोळ्यावर विष्णू बसलेला आहे. झोपलेला नाही, बसलेला. गादी शेषाची आणि छत्रही शेषाचं. वरच्या हातांत चक्र आणि शंख. तिथे सावलीत बसून आम्ही वाद घातला. माझं म्हणणं असं, की शंख म्हणजे ओंकार, चक्र म्हणजे काळ, गदा म्हणजे बुद्धी, कमळ म्हणजे पवित्रता ही कोष्टकं पाठ करून मूर्ती कळत नाही. कारण याच चार वस्तू विष्णूच्या चोवीस मूर्तींत नुसत्या हात बदलतात. उजव्या खालच्या हातापासून पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आला की त्रिविक्रम. चार वस्तू चार हातांत चोवीसच प्रकारे मांडता येतात आणि नावंही चोवीस. ग्रंथाग्रंथांत थोडे फरक आहेत, पण तत्त्व हेच. वस्तूला अर्थ असेलही. इथे अर्थ क्रमाला आहे. अक्षरांसारखा. 'क'ला काय अर्थ आहे विचारून 'कमळ' कळत नाही.

आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णा संध्येला चोवीस नावं घ्यायचे, केशवाय नमः, नारायणाय नमः. प्रत्येक नावाला हात वेगळीकडे लागायचा. ओठ, डोळे, कान, खांदे, डोकं. लहानपणी मला वाटायचं अंगावरच्या माशा हाकलतायत." थोडं थांबून, "तुझा क्रम मूर्तीच्या हातात. त्यांचा स्वतःच्या अंगावर होता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही चौथ्या, जैन लेण्यात गेलो. तिथे तीर्थंकरांच्या हातात काहीच नाही. डोक्यावर नागाची फणा म्हणून पार्श्वनाथ, पायांवर वेली चढल्या म्हणून बाहुबली.

दुपारी पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात लज्जागौरी पाहिली. मस्तकाच्या जागी उमललेलं कमळ, देह प्रसूतीला बसल्यासारखा. चेहरा नाही, शस्त्र नाही, वाहन नाही. मला आत्याची थोडी काळजी होती. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला, हात जोडले आणि म्हणाली, "आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत हिची फार गरज होती." मग बाकावर जाऊन बसली.

चौथा दिवस : बनशंकरी, ऐहोळे, पट्टदकल

सकाळी बनशंकरी. नवा नारळ घेतला. ओटी भरताना आत्या रडली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवी सिंहावर, आठ हातांची, आणि पुन्हा साडीत. मी हात मोजायचा प्रयत्नही केला नाही. बाहेर बायका टोपल्यांतून भाकरी, पालेभाजी आणि दही विकत होत्या. हिला शाकंभरी म्हणतात. दुष्काळात आपल्या अंगातून भाज्या उगवून जगाला जगवलेली. देवळाच्या दारात त्याच गोष्टीचं ताट वीस पावलांवर मिळतं, याहून सोपं प्रतीक मी पाहिलेलं नाही.

ऐहोळेला दुर्ग देऊळ नावाचा घोटाळा आहे. दुर्गा नव्हे, दुर्ग; किल्ल्याच्या भिंतीजवळचं म्हणून. पण बाहेरच्या प्रदक्षिणेच्या ओवरीत दुर्गा आहेच, महिषासुरमर्दिनी. इथला महिष अजून पुरा रेडाच आहे. रेड्याच्या मानेतून बाहेर येणारा मिशीवाला पुरुष, जो आपल्याकडच्या नवरात्राच्या मंडपात असतो, तो नंतरचा. देवी शांत आहे, शूळ मानेत आहे, घाई कसलीच नाही.

"गर्ज गर्ज क्षणं मूढ," आत्या म्हणाली, एकदम खणखणीत. ओवरीत घुमलं. दोन परदेशी पर्यटक वळून बघायला लागले. "म्हणजे, गरज मेल्या, मी हे पिऊन होईपर्यंत गरजून घे. पानपात्र आहे ना कोल्हापुरात, ते हे. कुबेराने दिलेलं. कधी रिकामं न होणारं."

प्रत्येक शस्त्र कुणी ना कुणी देवाने दिलेलं आहे, हा सप्तशतीचा दुसरा अध्याय. शिवाने शूळ, कृष्णाने चक्र, वरुणाने शंख आणि पाश, वायूने धनुष्य आणि बाणांचे भाते, इंद्राने वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा, हिमालयाने सिंह. म्हणजे देवीचे हात म्हणजे देवांची हजेरीच. कुठलं शस्त्र कुणाचं हे माहीत असलं की एका मूर्तीत सगळा दरबार दिसतो.

रावणफडी लेण्यात शिव पुन्हा नाचतोय, या वेळी दहा हातांनी, आणि सोबत सप्तमातृका. उंच टोप्यांच्या, सडपातळ, चुण्यांच्या वस्त्रातल्या. मेगुटीच्या टेकडीवर मी एकटीच गेले. तिथे इ.स. ६३४चा रविकीर्तीचा लेख आहे, दुसऱ्या पुलकेशीचं कौतुक करणारा. त्यात नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख येतो. कर्नाटकातल्या टेकडीवर, जैन देवळाच्या भिंतीवर, संस्कृतात आपलं नाव वाचून उगाच बरं वाटलं. तोवर आत्याने खाली तीन शेळ्या आणि एका म्हातारीशी ओळख करून घेतली होती.

पट्टदकलला ऊन उतरलं होतं आणि आम्हीही. विरूपाक्ष देऊळ हे राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात, नवरा दुसरा विक्रमादित्य याने कांची जिंकल्याच्या आठवणीत बांधवलं. वेरूळच्या कैलासाशी त्याचं नातं दिसतं, हे पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात मला दिसला तो फक्त काळा, प्रचंड नंदी. खिद्रापूरची भरपाई. आत्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

पाचवा दिवस : पंढरपूर

विजापूर, मंगळवेढा करत दुपारी पोचलो. पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहिलो. तीन तास लागतील म्हणाले, साडेचार लागले.

पाच दिवस हात मोजले आणि शेवटी असा देव, की ज्याचे दोनच हात आणि तेही कमरेवर. एका हातात शंख आणि दुसऱ्यात कमळाचा देठ आहे असं वर्णन करतात, पण कुणाही वारकऱ्याला विचारा, तो हात कमरेवर एवढंच सांगेल. शस्त्र नाही, वाहन नाही, पायाखाली असुर नाही. वीट आहे. मस्तकावर शिवलिंग आहे अशी परंपरा. म्हणजे कोल्हापूरच्या देवीसारखंच. खिद्रापूरला शेजारी शेजारी, बदामीला निम्मे निम्मे, इथे एकाच्या डोक्यावर एक.

आत्याने रांगेत नरहरी सोनाराची गोष्ट काढली. कट्टर शैव. विठ्ठलाचं तोंड बघणार नाही म्हणून डोळ्याला पट्टी बांधून कंबरपट्ट्याचं माप घ्यायला गेला. चाचपतो तर हाताला व्याघ्रांबर, गळ्यात साप, डोक्यावर जटा. पट्टी काढतो तर विठ्ठल. पुन्हा बांधतो, पुन्हा शंकर. मी ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे, पण या वेळी वेगळीच लागली. त्याची बोटं मूर्ती वाचत होती! चिन्हं चाचपून देव ओळखायचा, माझ्यासारखाच.

"आणि माप कशाचं घेत होता?" आत्याने विचारलं. "कमरेचं. शंकराचार्यांच्या नावावरचं पांडुरंगाष्टक आहे ना, *प्रमाणं भवाब्धेरिदं मामकानां*. माझ्या माणसांना भवसागर एवढाच, कमरेएवढा. म्हणून हात तिथे ठेवलेत."

साडेचार तासांनी माझा नंबर लागला. वाकले, कपाळ पायांवर टेकलं, थंडगार, मऊ झिजलेला दगड आणि बुक्क्याचा वास. वर बघायचं ठरवलं होतं. कुणीतरी खांद्याला धरून बाजूला केलं. पायच दिसले.

संध्याकाळी चंद्रभागेवर गेलो. पाणी ओसरलेलं, वाळू मोकळी, होड्या टेकलेल्या. आत्याने साडी थोडी वर धरली आणि पाण्यात उतरली, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा दुखऱ्या कमरेवर. चार पावलं गेली, आणखी चार गेली, मग थांबून खाली बघितलं.

"कमरेएवढं कुठलं," ती म्हणाली, "घोटासुद्धा बुडत नाही."